ढाल कोणाची, हॉल कोणाचा?



नाटकाच्या बक्षिसांचा हंगाम लागला की आपल्या पोट्ट्यांना ताप चढतो. मलाही चढतो, लपवायचं काहून? नागपूर केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धा लागली की बुटीबोरीच्या सूतगिरणीतली पहिली पाळी सुटल्याबरोबर मी लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहाकडे पळतो. केसात कापूस तसाच. तिकीट चहा-समोशाच्या भावात मिळतं. कोणाची प्रकाशयोजना पहिली येईल, अभिनयाचं रौप्यपदक कोणाला, कोणतं नाटक अंतिम फेरीला जाईल, यावर आम्ही टपरीवर पैजा लावतो. निकाल मोबाईलवर येतो. मग कोणी नाचतो, कोणी परीक्षकांच्या सात पिढ्या काढतो. हे संपते न संपते तोच मुंबईचे गौरव-सन्मान सुरू. पुढे 14 जूनला, देवलांच्या स्मृतिदिनी, नाट्य परिषदेचे पुरस्कार. कोणी ना कोणी कोणाला तरी शाल देऊनच राह्यलं आहे.

हा आनंद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. दिवसभर मशीनपाशी उभा राहिलेला माणूस संध्याकाळी नाटकावर भांडतो, ही लहान गोष्ट नव्हे. या स्पर्धेच्या साठाच्या वर आवृत्त्या झाल्या. तिच्यातून मराठीला मोठमोठे नट, लेखक, दिग्दर्शक मिळाले. तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ याच स्पर्धेच्या निमित्ताने 1967 साली लिहिलं गेलं. तेव्हा स्पर्धेवर थुंकून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मला विचारायचं आहे ते दुसरंच. बक्षीस देतो कोण, आणि ते मिळाल्यावर नाटकाचं होतं काय?

पहिल्या प्रश्नासाठी फार मागे जावं लागतं. 1852 साली पुण्याच्या विश्रामबागवाड्यात जोतीराव फुल्यांचा सरकारने शाल देऊन जाहीर सत्कार केला, मुलींच्या शाळा काढल्या म्हणून. तीनच वर्षांनी, 1855 मध्ये, त्याच जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडलं. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचाच काही पैसा इंग्रजांनी मराठी पुस्तकांच्या बक्षिसाकडे वळवला होता. त्या पैशावर एका माळ्याने हक्क सांगितला. नाटकात काय? गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून लुबाडणारा जोशी, मधून मधून टोचणारा विदूषक, आणि शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत शिकायला जातं. कमिटीने नाटक नाकारलं. भट सभासदांपुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, हे जोतीरावांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त लिहून ठेवलं आहे.

शाळेसाठी शाल, नाटकासाठी नकार! पुढे ते हस्तलिखित ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये छापून आलं ते 1979 साली. म्हणजे 124 वर्षांनी. मराठी रंगभूमी आपला जन्म सांगलीच्या ‘सीता स्वयंवरा’पासून, म्हणजे 1843 पासून मोजते आणि 5 नोव्हेंबरला रंगभूमी दिन करते. करू द्या. पण माणसाच्या आजच्या दुःखावर बोलणारं पहिलं मराठी नाटक बक्षीस कमिटीच्या दारातून परत आलं, ही तारीखही आपल्या पोट्ट्यांना पाठ पाहिजे.

म्हणजे आपल्याला बक्षीस मिळतच नाही, असं रडगाणं गायचं का? नाही. काळ तसा राहिला नाही. प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका 1977 ची. दोन नट. नेपथ्याला खर्च जवळपास नाही. विषय महाडच्या तळ्याचाच, 50 वर्षांनंतरही न भागलेल्या तहानेचा. शाळा-कॉलेजच्या स्टेजवर ती झाली, गल्लीतही झाली. दोन पोरं आणि बोलायला जागा, एवढ्यात ती उभी राहते. हे तिचं खरं सामर्थ्य आहे असं माझं मत आहे. 2019 च्या फेब्रुवारीत 99 वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आपल्या नागपुरात झालं. अध्यक्ष कोण? तेच गज्वी. घोटभर पाणी मागणारा लेखक संमेलनाच्या खुर्चीवर बसला. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

पण दुसरा प्रश्न इथूनच सुरू होतो. ‘घोटभर पाणी’ जगली ती लोकांनी पुन्हा पुन्हा केली म्हणून. आज आपले पोट्टे स्पर्धेसाठी जी नाटकं करतात, त्यातली किती दुसऱ्यांदा होतात? दोन महिने तालीम. कामावर खाडे. कोणी बायकोचे पैसे घालतो, कोणी सोसायटीचं कर्ज. एक प्रयोग. त्यावर प्रमाणपत्र आलं तर फोटो, नाही आलं तर शिव्या. आणि नाटक पेटीत! ज्या माणसांवर ते लिहिलं, त्यांनी ते बघितलंच नाही. सफाई कामगारावरचं नाटक, समोर तीन परीक्षक, त्यांच्यामागे पुढल्या दिवशीच्या स्पर्धक संघाची मंडळी. ज्याची गोष्ट, तो त्या वेळी कुठे तरी ड्युटीवर.

एकाच प्रयोगासाठी लिहिलं की लिहिणंही बिघडतं. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा, अभिनय अशी बक्षिसं वेगवेगळी असतात. मग लेखक प्रत्येकाला काम पुरवतो. प्रकाशवाल्यासाठी मागचा पडदा लाल होतो. नटीसाठी आईचा आक्रोश येतो. नायक दोन अंक मार खातो आणि तिसऱ्यात भाषण ठोकतो. आपला माणूस स्टेजवर देव तरी होतो, नाही तर मढं. चुकणारा, चिडणारा, पगाराच्या दिवशी घरी उशिरा येणारा, बायकोशी खोटं बोलणारा, आणि तरीही 14 ऑक्टोबरला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीवर जाणारा जिवंत माणूस कुठे गेला? तो परीक्षकाला आवडणार नाही, या भीतीने आपणच त्याला विंगेत उभा करून ठेवला. कोणी सांगितलं नसताना आपण आपल्या नाटकाची काटछाट करून राह्यलो. हा दोष माझ्या लेखी परीक्षकाच्या दोषापेक्षा मोठा.

इथे मला अमेरिकेतला ऑगस्ट विल्सन आठवतो. पिट्सबर्गच्या काळ्या वस्तीतला. 15 व्या वर्षी शाळा सोडली आणि सार्वजनिक वाचनालयात बसून स्वतःच शिकला. त्याचं ‘फेन्सेस’ वाचा. नायक ट्रॉय कचरा उचलणारा कामगार. तो मालकाला विचारतो, गोऱ्यांनीच गाडी का चालवायची, काळ्यांनी डबेच का उचलायचे? हा प्रश्न आपल्या कुठल्याही महानगरपालिकेच्या दारात विचारा, कोणाला भाषांतर लागणार नाही. पण तोच ट्रॉय बायकोला फसवतो, पोराचा खेळ मोडतो. विल्सन त्याला धुऊन-पुसून उभा करत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर टोनी पुरस्कार 1947 पासून दिले जातात, तिकडे त्या हंगामाचा ताप आपल्यापेक्षा मोठा. 1987 साली ‘फेन्सेस’ला टोनी मिळालं, पुलित्झरही मिळालं. 1990 मध्ये ‘द पियानो लेसन’ला पुन्हा पुलित्झर. याहून मोठी ढाल त्या देशात नाही.

आणि मग 1996 साली हाच माणूस नाटकवाल्यांच्या परिषदेत उभा राहून हिशेब मांडतो: देशातल्या 66 मोठ्या व्यावसायिक नाट्यसंस्थांमध्ये काळ्यांची म्हणावी अशी संस्था एकच! बक्षिसांनी घर भरलेल्या माणसाला हा हिशेब का सुचला? कारण त्याला कळलं होतं की ढाल एकाला मिळते, हॉल सगळ्यांना लागतो. ढाल देणारा पुढल्या वर्षी दुसऱ्याला देईल. हॉल ज्याचा, तो नाटक ठरवतो.

आपल्याकडे उदाहरणं नाहीत असं नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाला कोण परीक्षक होता? कंदिलाच्या उजेडात बसलेली वस्ती. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून नाटकं सुरू होतात, वडशाच्या कंपन्या गावोगाव रात्र जागवतात, शेतमजूर स्वतः तिकीट काढून बसतो. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, पण त्याआधी कित्येक वर्षं गावांनी त्यांना नट म्हणून मान्य केलं होतं. जालन्याकडच्या शेतकरी पोरांचं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ 2012 साली आलं. पुरस्कारही घेतले, शेकडो प्रयोगही केले. त्यात हसू आहे, गाणं आहे, वाद आहे. म्हणून ते पेटीत गेलं नाही.

झाडीपट्टीत सगळं आपल्या विचाराचं चालतं असं मी म्हणत नाही. तिथेही आसू-हासूचा ठरलेला मसाला आहे, बाईला नाचवून गल्ला भरणं आहे. पण तिथे प्रेक्षक आहे. आपल्याकडे विचार आहे आणि प्रेक्षक घरी. दोन्ही एका ठिकाणी आणायचं काम कोणतीही कमिटी करून देणार नाही.

तर माझं म्हणणं साधं आहे. स्पर्धेत उतरा. सरकारचा हॉल आपल्याही कराचा आहे, सोडायचा काहून? पण नाटक स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा होऊ नये. त्याआधी ते इंदोऱ्यात, इमामवाड्यात, रामबागेत झालेलं असावं. बेसा एके काळी गाव होतं, आता फ्लॅट स्कीमच्या पाट्यांनी भरलं. तिथे भिंती बांधणारे मजूर, रात्रीचे चौकीदार, धुणी-भांडी करणाऱ्या बाया राहतात. त्यांच्यासमोर एक प्रयोग करून बघा. बाई कुठे उठून गेली, पोरं कुठे हसली, म्हातारा कुठे म्हणाला “असं नसते बाप्पा”, ते लिहून ठेवा. ते खरे गुण.

दुसरं, विहारांच्या समित्यांशी बोला. सभागृहं आहेत, वर्षातून चार दिवस उघडतात. बाकी दिवस सतरंज्या धूळ खातात. महिन्यात एक संध्याकाळ नाटकाला मागा.

तिसरं, परीक्षण आपण लिहू, आणि निकालाच्या आधी लिहू. आपल्या माणसाचं नाटक म्हणून गोड लिहायचं नाही. लाल पडदा दिसला की लाल पडदा म्हणायचं. असल्या पानांचा उपयोग तेवढ्यासाठीच आहे. येत्या हंगामात जो कोणी नाटक बघेल त्याने दोन कागद भरून द्यावेत. अक्षर कसंही चालेल.