फाउल ‘मिळवणे’ : एन.बी.ए.मधील नियम, अभिनय आणि पंचाची दृष्टी – एक चिकित्सा

अमेरिकेतील नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेविषयीच्या चर्चेत गेली काही वर्षे एक तक्रार सातत्याने ऐकू येते. काही खेळाडू बास्केट करण्यासाठी खेळत नाहीत, तर प्रतिस्पर्ध्याकडून फाउल घडवून आणण्यासाठी खेळतात, अशी ती तक्रार होय. प्रस्तुत लेखात या कृतीची आणि तिच्यावर निर्णय देणाऱ्या पंचाच्या दृष्टीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. डावपेचांचे विवेचन हा लेखाचा हेतू नाही. नियमाचा अर्थ कोण लावतो आणि त्या अर्थाची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न येथे महत्त्वाचे मानले आहेत.

जेम्स नायस्मिथ यांनी १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांनी १३ नियम लिहिले. खांद्याने ढकलणे, धरणे, लोटणे, पाय घालून पाडणे किंवा मारणे यांना त्यांतील पाचव्या नियमाने मनाई केली. एका संघाने लागोपाठ तीन फाउल केल्यास प्रतिपक्षाला एक गोल बहाल करावा, अशीही तरतूद होती. या मूळ रचनेत फाउल म्हणजे केवळ दोष होता. तो टाळायचा होता. कोणी तो हवासा मानील, ही कल्पना त्यामागे दिसत नाही.

आजचे गणित नेमके उलटे आहे. एन.बी.ए.मध्ये फ्री थ्रो यशस्वी होण्याचे प्रमाण साधारणपणे ७८ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजेच दोन फ्री थ्रोंचे सरासरी मूल्य दीड गुणाहून थोडे अधिक भरते. उलट, चेंडू ताब्यात आल्यावर एका चढाईतून संघाला सरासरी १.१ गुणांच्या थोडेफार वरच यश मिळते. याखेरीज सहा वैयक्तिक फाउल झाले की प्रतिस्पर्धी खेळाडू सामन्यातून बाद होतो, आणि एका सत्रात संघाचा पाचवा फाउल झाल्यापासून साध्या फाउललाही फ्री थ्रो मिळतात. चढाईचा सर्वांत फायदेशीर शेवट बास्केट नसून पंचाची शिट्टी आहे, हे कोणत्याही हिशेबी खेळाडूच्या सहज लक्षात यावे. जेम्स हार्डन यांच्या ते लक्षात आले. २०१८-१९ च्या हंगामात त्यांनी प्रतिसामना ३६.१ गुण मिळवले आणि दर सामन्यात सरासरी ११ फ्री थ्रो घेतले. बचावपटूचा हात पुढे आलेला दिसताच चेंडूसह आपले हात त्या हाताखालून वर उचलावयाचे आणि त्याच क्षणी फेकीचा आविर्भाव करावयाचा, ही त्यांची रीत होती. यात स्पर्श खोटा नसे. वाद होता तो स्पर्श कोणी घडवला, याविषयी.

येथे एक भेद करणे आवश्यक ठरते. धक्का न लागताच कोलमडणे, ज्याला ‘फ्लॉपिंग’ म्हणतात, ते असत्य कथन आहे. धक्का लागावा अशी परिस्थिती निर्माण करणे हे मात्र असत्य कथन नव्हे. ती एक रचना आहे. सर्वसामान्य टीकाकार दोहोंना ‘नाटक’ या एकाच शब्दाने संबोधतात, आणि तेथेच विचार बोथट होतो. रोलां बार्थ यांनी कुस्तीच्या प्रेक्षणीय खेळांवर लिहिताना दाखवून दिले होते की, तेथे वेदना ही भोगण्यासाठी नसून वाचली जाण्यासाठी असते. भारतीय नाट्यविचाराच्या भाषेत बोलायचे तर पंचाला भाव दिसत नाही, अनुभावच दिसतो. मानेला बसलेला हिसका, ओठांतून निसटलेली आरोळी, पसरलेले हात यांवरूनच त्याला आघाताचे अनुमान करावे लागते. खरोखर धक्का बसलेला पण निश्चल राहिलेला खेळाडू म्हणूनच अनेकदा न्यायाला मुकतो. अतिशयोक्तीला प्रोत्साहन देणारी ही व्यवस्था आहे. केवळ खेळाडूच्या चारित्र्याकडे बोट दाखवून तिचे स्पष्टीकरण होत नाही. योहान हौझिंगा यांनी ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळात लबाडी करणारा आणि खेळच मोडणारा यांत फरक केला आहे. लबाडी करणारा निदान खेळाचे रिंगण मान्य करतो. फाउल मिळवणारा तर लबाडही ठरत नाही. तो नियमाचा अतिशय बारकाईने वाचन करणारा वाचक आहे.

संघटनेने या वाचनाला वेळोवेळी उत्तर दिले. २०१२-१३ पासून फ्लॉपिंगसाठी दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी ५,००० डॉलर आणि पुढे वाढत पाचव्या वेळी ३०,००० डॉलर. ज्यांचे वेतन लाखो डॉलरांत मोजले जाते त्यांना या रकमेची कितपत मातब्बरी असणार? शिवाय दंड सामन्यानंतर होई, त्यामुळे मिळालेले गुण कायम राहत. २०२३-२४ पासून सामन्यातच शिक्षा देण्याची तरतूद झाली व प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो मिळू लागला. या तरतुदीतील एक बारकावा मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. एकाच प्रसंगात पंच बचावपटूचा फाउल आणि आक्रमकाचे फ्लॉपिंग असे दोन्ही देऊ शकतो. आघात खरा असू शकतो आणि त्याचे सादरीकरण खोटे असू शकते, हे येथे नियमानेच मान्य केले.

२०२१-२२ मधील बदल मात्र अधिक वादग्रस्त आहे. फेक करणाऱ्याने अनैसर्गिक कोनातून बचावपटूवर झेपावणे, आपला मार्ग एकाएकी सोडून त्याच्यावर आदळणे, पाय बाजूला फेकणे, मोकळ्या हाताने त्याला अडकवणे अशा हालचाली ‘बास्केटबॉलच्या नव्हेत’ असे ठरवून त्यांवर फाउल न देण्याचे, प्रसंगी उलट आक्रमकालाच फाउल देण्याचे धोरण आले. हेतू स्तुत्य होता आणि सामने पाहण्यास सुसह्य झाले, हेही मान्य केले पाहिजे. परंतु ‘नैसर्गिक’ म्हणजे काय? धावताना एक पाऊल एका बाजूला व दुसरे विरुद्ध बाजूला टाकून बचावपटूला चुकवणे किंवा मागे सरकून फेक करणे याही एकेकाळी विचित्रच भासलेल्या हालचाली होत. नियमाने परिणामाऐवजी स्वाभाविकतेचा निकष आणला की निर्णय अभिरुचीच्या प्रांतात जातो. एच. एल. ए. हार्ट यांनी ‘द कन्सेप्ट ऑफ लॉ’ मध्ये गुणलेखकाचे उदाहरण घेऊन सांगितले आहे की, गुणलेखकाचा निर्णय अंतिम असतो म्हणून तो म्हणेल तोच नियम, असे होत नाही. तसे झाले तर तो वेगळाच खेळ होईल. २०२१ चा निकष त्या वेगळ्या खेळाच्या सीमेवर उभा आहे, असे माझे मत आहे.

पंचाची दृष्टी हा या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग होय. १९८८-८९ पासून दोनाऐवजी तीन पंच आले. १९९७-९८ पासून बास्केटखाली चार फूट त्रिज्येचे अर्धवर्तुळ आखून, त्याच्या आत उभ्या असलेल्या बचावपटूला साधारणतः ‘चार्ज’ मिळणार नाही असे ठरले. ही रेषा पंचाला मदत करते, पण आक्रमक वर झेपावू लागला तेव्हा बचावपटू जागेवर स्थिर होता की नव्हता, हे क्षणाच्या अंशात ठरवण्याचे ओझे ती उतरवत नाही. अशा क्षणी माणूस केवळ डोळ्यांनी पाहत नाही. जोसेफ प्राइस व जस्टिन वुल्फर्स यांनी १९९१ ते २००४ या काळातील सामन्यांची आकडेवारी तपासली. पंच ज्या वंशाचे, त्याहून भिन्न वंशाच्या खेळाडूंवर अधिक वैयक्तिक फाउल दिले जातात, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष २००७ मध्ये वृत्तपत्रांतून गाजले, तेव्हा संघटनेने ते अमान्य केले. शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. याच अभ्यासकांनी डेव्हिन पोप यांच्यासह पुढील काळ तपासला असता, प्रसिद्धीनंतर हा कल नाहीसा झाल्याचे दिसले. आपल्या पाहण्याकडेही कोणी पाहत आहे, एवढ्या जाणिवेने पाहणे बदलले! कोणत्याही नियमदुरुस्तीपेक्षा मला ही गोष्ट अधिक विचारार्ह वाटते.

त्याच २००७ मध्ये टिम डोनाघी या पंचाने सट्ट्यासंबंधीचे गुन्हे कबूल केले व २००८ मध्ये त्याला १५ महिन्यांची शिक्षा झाली. पंचावरील विश्वास तेव्हापासून प्रमाणित करून दाखवावा लागू लागला. २०१४ मध्ये न्यू जर्सीत पुनरावलोकन केंद्र, २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतील अखेरच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचे जाहीर अहवाल, २०१९-२० पासून प्रशिक्षकाला निर्णयास आव्हान देण्याचा अधिकार अशी ही मालिका आहे. अहवालात चूक कबूल होते, निकाल मात्र बदलत नाही. हरलेल्या संघाला अशा कबुलीचे काय करावे हे समजत नसेल, तर त्यात नवल नाही.

२०२५ च्या पश्चिम विभागीय अंतिम मालिकेत मिनेसोटाच्या प्रेक्षकांनी शाय गिल्जस-अलेक्झांडर यांना ‘फ्री थ्रोंचा व्यापारी’ म्हणून हिणवले. त्या हंगामाचे सर्वोत्तम खेळाडू तेच होते आणि विजेतेपदही त्यांच्याच ओक्लाहोमा सिटीने पटकावले. त्या घोषणा खेळाडूला उद्देशून होत्या. दोन फ्री थ्रोंचे मूल्य एका चढाईहून अधिक ठेवणाऱ्या नियमपुस्तकाला उद्देशून कोणी घोषणा दिल्या नाहीत. अशा खेळाडूसमोर उभा राहणारा बचावपटू आता हात वर धरून किंवा पाठीमागे घेऊन पंचाला ते रिकामे असल्याचे दाखवताना दिसतो. चेंडू अडवणे हे त्याचे काम, आणि त्याच कामाचे साधन त्याला लपवावे लागते.