पापड, पत्रा आणि लंडन

परक्या शहराचा आत्मा तिथल्या साध्यासुध्या वस्तूंत सापडतो, असे प्रवासवर्णनांची समीक्षा सांगते. पण कोणती वस्तू डोळ्यांत भरावी हे पाहणाऱ्याच्या पोटावर ठरते, हे ती सांगत नाही.

पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' १९६० साली आले. मराठी मध्यमवर्गाला त्याने लंडन घरबसल्या दाखवले. त्यातल्या विनोदाची गोडी मी नाकारीत नाही. पण अकोल्याच्या वर्गात परदेशची प्रवासवर्णने शिकवीत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, याइचे पैसे कधी सरत नव्हते काय?" वर्ग हसला. मला हसता आले नाही. घराण्यातला पहिला पदवीधर होताना अमरावतीत महिनाअखेरीचे दिवस मीही मुरमुऱ्यांवर काढले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर प्रवासवर्णनात नाही, चरित्रात आहे. १९२० साली बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. धनंजय कीरांच्या चरित्रातले त्यांचे लंडन पाहा : घरमालकिणीने दिलेली पाव-मासळीची अपुरी न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, आणि रात्री भूक आवरेना तेव्हा ओळखीच्या माणसाने दिलेले, पत्र्यावर भाजलेले चार पापड. रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिणाऱ्याच्या खिशात रुपया नव्हता. लंडनचा आत्मा राजवाड्यापेक्षा या पत्र्यावर अधिक स्पष्ट दिसतो.

कारण त्या घरमालकिणीची कंजुषी पैशाची होती, जातीची नव्हती. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नमूद केले आहे. १९१७ साली परतल्यावर मात्र बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. लंडनने त्यांना अर्धपोटी ठेवले; विटाळ मानला नाही. यात साम्राज्याचे गोडवे नाहीत. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापूस अडला, तेव्हा आमच्या वऱ्हाडचा कापूसच लँकेशायरच्या गिरण्यांनी ओढून नेला. प्रश्न एवढाच की, परक्या शहरात जे माणूसपण सहज मिळाले, त्यासाठी स्वदेशात लढावे का लागले? १३ नोव्हेंबर १९२७ रोजी बाबासाहेब अमरावतीच्या परिषदेचे अध्यक्ष झाले, ते अंबादेवीच्या बंद दारासाठी.

१९२१-२२ मध्ये ते जिथे राहिले, ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. ते योग्यच झाले. पण स्मारकाला झळाळी आली की भूक अदृश्य होते. त्या घरात एक पत्रा आणि एक पापड यांना जागा हवी.

आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर आमची मुले बाहेर जातात. त्यांनी मनोऱ्यांची वर्णने लिहू नयेत. खोलीचे भाडे लिहावे, शिळा पाव लिहावा, आणि ओळख होताच आडनाव विचारणारा देशी शेजारीही लिहावा. मराठीत ते लंडन अजून यायचे आहे. मागच्या बाकावरचा मुलगा त्याची वाट पाहतो आहे.