प्याला आणि भट्टी

दिवाळीच्या फराळाच्या ताटाजवळ दारूचा विषय काढणारा शाळामास्तर वाचकांना अंमळ चमत्कारिकच वाटेल. पण मराठी रंगभूमीवरचं सर्वांत गाजलेलं दारूचं नाटक बायकामुलांनी मिळून पाहिलेलं आहे; तेव्हा त्यावर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आलं. सनद गमावलेला मानी वकील सुधाकर, त्याला पहिला पेला देणारा तळीराम, दळण दळून दिवस काढणारी सिंधू, ही माणसं विसरू म्हणता विसरत नाहीत. आर्यमदिरामंडळाच्या प्रवेशाला प्रेक्षक पोट धरून हसतो आणि थोड्याच वेळानं आपण कशाला हसलो याची त्याला टोचणी लागते. नाटककाराची खरी ताकद ती. दारूनं संसार मोडतात हे कोण नाकारील? बोरिवलीतल्या माझ्या वर्गातही अशा संसारांतली मुलं बसतात.

माझं म्हणणं निराळं आहे. या नाटकात प्याला आहे, तो भरण्यापूर्वी राबलेले हात नाहीत. शोकांतिकेला त्यांची गरज नव्हती. परंतु आपण वाचकांनी त्या एका प्याल्यावरून सगळ्याच मद्याचा निकाल लावून टाकला. पिणारा पाहिला, करणारा पाहायचा राहिला.

तो पाहायला मी चैत्रात गोव्यातल्या एका काजूच्या बागेत गेलो. बोंडं झाडावरून तोडत नाहीत. पिकून खाली पडलेली तेवढी वेचतात. मग ती कोळंबीत तुडवतात. कोळंबी म्हणजे इथं मासा नव्हे, दगडात कोरलेला हौद! रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. पहिल्यांदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. उर्राक सौम्य आणि हंगामापुरतं. फेणी कडक आणि टिकाऊ. आग किती ठेवायची हे भट्टीवाला मडक्याच्या आवाजावरून ओळखत होता. त्यानं उर्राकात लिंबू पिळलं, मीठ आणि हिरवी मिरची टाकली, आणि पेला हाती देण्याआधी तळलेला बांगडा पुढं केला. बांगड्याच्या तिखटामागून बोंडाचा आंबूस गोडवा जिभेवर आला, तेव्हा ते कोणत्या फळाचं आहे हे विचारावं लागलं नाही. तळीराम पेला देतो तो दुःख विसरायला. यानं दिला तो चव ओळखायला. फरक एवढाच, पण केवढा!

जपानात तांदळाची साके करणाऱ्या मुख्य कारागिराला 'तोजी' म्हणतात. तांदूळ किती घासायचा, वाफवलेल्या भातावर कोजी नावाची बुरशी कशी वाढवायची, हे त्याचं शास्त्र. त्या विद्येला २०२४ साली युनेस्कोनं मानवजातीच्या वारशात जागा दिली. गोव्याच्या काजू फेणीलाही २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बाटलीला नाव मिळालं. भट्टीवाल्याला मात्र मी आमच्या कादंबऱ्यांत अजून शोधतो आहे.

हे केवळ रसिकतेचं कौतुक नव्हे. जून २०१५ मध्ये, आमच्या बोरिवलीपासून फार दूर नसलेल्या मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं दगावली. तिच्यात मिथेनॉल होतं, कारखान्यात वापरायचं रसायन. मेलेली बहुतेक हातावर पोट असलेली माणसं. प्याल्यात काय आहे आणि तो कोणी भरला, हा प्रश्न तिथं जिवाचा होता. जो समाज सगळ्याच दारूला एका शब्दात हाकलतो, त्याला बोंडाचा रस आणि विष यांतला भेद विचारण्याची सवयच उरत नाही.

म्हणून 'एकच प्याला' मुलांच्या हाती जरूर द्यावं. सिंधूचं जातं त्यांना ऐकू यावं. पण त्या पुस्तकाशेजारी भट्टीवाल्याचं पुस्तकही असावं. त्यानं सिंधूचं दुःख तसूभर हलकं होणार नाही. तळीराम मात्र चटकन ओळखू येईल. कारण पेल्यात काय आहे हे त्याला कधीच सांगता येत नाही.