पाहुण्यांचा वाद्यवृंद

मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएमध्ये, वर्षातून दोनदा, साधारण फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’चा हंगाम भरतो. वर्ध्याच्या रसिकाने तो ऐकायचा तर संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरायची, सकाळी मुंबईत उतरायचं आणि दिवसभर कुठेतरी वेळ काढायचा. साडेसातशे किलोमीटर तुडवून कानी पडणार ते बहुधा बेथोवेन किंवा चायकोव्हस्की, आणि तेही घरच्या फोनवर फुकट मिळतं. तरी एकदा जावंच. जमशेद भाभा थिएटरात 1,109 खुर्च्या आहेत. तिथे माईकशिवाय पन्नासेक व्हायोलिनं-चेलो एका गजात लागतात तेव्हा जो नाद छातीवर येतो, तो फोनमध्ये मावत नाही.

हा वाद्यवृंद 2006 साली उभा राहिला. एनसीपीएचे खुशरू सनटूक यांनी कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मारात बिसेनगालिएव्ह यांना ऐकलं, त्यांच्याशी बोलणं झालं आणि भारताला पहिला पूर्णपणे व्यावसायिक सिम्फनी वाद्यवृंद मिळाला. तेव्हापासून हंगामाच्या जाहिराती पाहुण्यांच्या नावांनी भरलेल्या असतात. शार्ल द्युत्वा येऊन गेले, मार्टिन ब्रॅबिन्स येऊन गेले. पियानोवर मारिया जुआँव पिरेश, बॅरी डग्लस अशी नावं लागली. ऑगस्ट 2023 मध्ये तर खुद्द झुबिन मेहतांनी पहिल्यांदाच या वाद्यवृंदापुढे छडी उचलली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, आपल्या जन्मगावी.

नावं मोठी आहेत, यात वाद नाही. माझी तक्रार वेगळी आहे. इथे पाहुणा एकटा व्यासपीठाच्या मधोमध नसतो, तो वादकांच्या खुर्च्यांतही बसलेला असतो. वर्षभर मुंबईत राहणारा, शिकवणारा, एकत्र वाजवणारा गट लहान आहे. हंगाम आला की त्याला बाहेरचे वादक, बरेचसे मध्य आशिया आणि युरोपातले, येऊन मिळतात. काही दिवस तालमी, मग कार्यक्रम, मग विमान. वादक तयारीचे असल्यामुळे स्वर चुकत नाहीत, प्रवेश चुकत नाहीत. पण वाद्यवृंदाला स्वतःचा म्हणून एक आवाज असतो. माणसं वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांचा श्वास ओळखू लागली की तो येतो. तालेवार दिग्दर्शक आला की या वाद्यवृंदाला कांती चढते आणि साधा आला की वाजवणं नुसतं नीटनेटकं राहतं, याचं कारण मला तरी हेच दिसतं.

मुंबईला सिम्फनी वाद्यवृंद नवा आहे असंही नाही. झुबिन यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्येच बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. पारशी हौशी मंडळी, पोर्तुगीज गोव्यातून आलेले व्हायोलिनवादक आणि असतील ते युरोपीय अशी ती मोट होती. मेहली 1945 मध्ये पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेले. 1962 मध्ये जिनी दिनशॉ यांनी बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा सुरू केला. तो खऱ्या अर्थाने गावचा, लोकांचा वाद्यवृंद होता. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम, कधी सनई-चौघड्याच्या घरातला माणूस बरा वाजवेल अशी अवस्था, पण माणसं तीच आणि दरवर्षीची.

सगळ्यात सुरस प्रकरण अँथनी गोन्साल्विस यांचं. हे नाव आपल्याला 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मुळे पाठ आहे. खरे गोन्साल्विस गोव्यातल्या माजोर्ड्याचे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांचे ते व्हायोलिनचे गुरू. त्या गाण्यातलं नाव ही प्यारेलाल यांची गुरुदक्षिणा. या माणसाने 1958 मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा जमवला, शंभरावर वादक सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात बसवले, रागांवर बांधलेल्या आपल्या रचना त्यांच्याकडून वाजवून घेतल्या, आणि गायला कोण, तर लता मंगेशकर आणि मन्ना डे. पाहुणे कलाकार कसे बोलवावेत याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही. वादक घरचे, रचना घरची, आणि पाहुणा त्या घरात शोभणारा.

शंभर वादक त्यांना मिळाले, कारण ते सगळे चित्रपटांच्या स्टुडिओत रोजंदारीवर वाजवत होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पोरं सोल्फेज घोटून, नोटेशन वाचायला शिकून मुंबईला यायची आणि सकाळी नौशाद, दुपारी शंकर-जयकिशन अशी पाळी धरायची. सिंथेसायझर आला, ऐंशी-नव्वदच्या दशकांत एका कीबोर्डने चाळीस व्हायोलिनांचा पगार वाचवला, आणि तो ताफा पांगला. मुलांना व्हायोलिन शिकवायचं कारणच उरलं नाही. एनसीपीएला आज वादक परदेशातून आणावे लागतात याचं मूळ इथे आहे. संस्थेने स्वतःची संगीत अकादमी काढून लहान मुलांपासून सुरुवात केली आहे, ते योग्यच. मात्र चेलोवादक घडायला दहा-बारा वर्षं लागतात.

झाकिर हुसेन यांचं ‘पेशकार’ हे तबला आणि वाद्यवृंदासाठीचं कॉन्चेर्टो मात्र या हंगामांतलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं काम. एनसीपीएने ते मागून घेतलं आणि सप्टेंबर 2015 मध्ये ते प्रथम वाजलं. नंतर वाद्यवृंदाने ते स्वित्झर्लंडला आणि 2019 मध्ये ब्रिटनला नेलं. अडचण काय होती ते बघा. तबला एका स्वरात मिळवलेला असतो, आणि सिम्फनी तर पानागणिक स्वरघर बदलते. शिवाय पेशकार म्हणजे एकट्या तबल्याचा सावकाश खुलत जाणारा विस्तार, त्याला लागतो तो लेहरा. मग सत्तर वादकांनी करायचं काय? लेहरेकऱ्याचं काम वाटून घ्यायचं, की तबल्याशी भांडायचं? झाकिरभाईंनी दोन्ही थोडं थोडं केलं. जिथे तंतुवाद्यं बोलांचे तुकडे उचलून परत फेकतात आणि समेवर सगळे एकदम पडतात, तिथे अंगावर काटा येतो. जिथे ती नुसती मागे पसरून बसतात, तिथे चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा वास येतो. डिसेंबर 2024 मध्ये झाकिरभाई गेले. आता हे कॉन्चेर्टो दुसऱ्या कुणी तबलियाने वाजवलं पाहिजे, नाहीतर तो एका माणसाचा पराक्रम राहील, रचना होणार नाही. वनराज भाटियांसारखा लंडन-पॅरिसला शिकलेला संगीतकार मुंबईतच राहिला, 2021 मध्ये वारला, आणि आपल्याला तो आठवतो ‘मंथन’ आणि ‘तमस’साठी. त्याच्या सिम्फनिक रचना हंगामात नेमाने लागायला कोणाची आडकाठी आहे?

आता आपल्याकडे येऊ. समुद्रपूर तालुक्यात जामच्या चौकातून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की तासाभरात वरोरा. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी 1949 मध्ये तिथे आनंदवन वसवलं आणि त्यांचे चिरंजीव डॉ. विकास आमटे यांनी तिथल्याच माणसांतून ‘स्वरानंदवन’ हा शंभरावर कलावंतांचा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर, अपंग, सगळे तिथले रहिवासी. गाणारा डोळ्यांनी पाहू शकत नाही आणि नाचणारा ऐकू शकत नाही, तरी दोघांची सम एकत्र येते. एकत्र राहण्याने वाद्यवृंदाला जे मिळतं ते मुंबईच्या हंगामात कमी पडतं, आणि ते इथे भरपूर आहे. कमी काय आहे, तर रचना. गाणी बहुतेक चित्रपटांतली किंवा स्फूर्तिगीतं. याबद्दल कुणी बोलत नाही, कारण आपण टाळ्या सुराला देत नाही, परिस्थितीला देतो. डोळे पुसत ऐकणारा श्रोता कलावंताचं नुकसान करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. या मंडळींसाठी, त्यांच्या आवाजाचा आणि हातांचा अंदाज घेऊन, कुणीतरी नवं लिहिलं पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात गावोगावी तुकडोजी महाराजांची खंजेरी भजनं गाणारी मंडळं आहेत, तीही अशीच: वर्षानुवर्षं तीच माणसं, तोच ठेका, आणि थापेवरून वाजवणारा ओळखणारे कान. फक्त बाहेरून तयारीचा वादक येऊन त्यांच्याशेजारी बसत नाही.

अख्खा सिम्फनी वाद्यवृंद वर्ध्याला आणा, असं म्हणणं वेडेपणाचं. पण त्यातल्या चार वादकांचा स्ट्रिंग क्वार्टेट आणता येतो. मेहली मेहतांनीही मुंबईत असा क्वार्टेट चालवला होता. चौघांना चार खुर्च्या, चार स्टँड आणि पंखा बंद असलेली एक खोली पुरते. आनंदवनात किंवा वर्ध्याला आठवडाभर राहावं, सकाळी तालीम, संध्याकाळी तिथल्या वादकांसोबत बसावं. विदर्भाच्या मे महिन्यात लाकडी वाद्याचे सांधे उकलतील, तेव्हा फेब्रुवारीच बरा. सप्टेंबरचा विचारच नको. गणपती तिथेच आसपास असतात, आणि त्या दिवसांत मंडळांनी जिल्ह्यातले सगळे कीबोर्डवाले आणि सगळी सभागृहं आधीच धरून ठेवलेली असतात.