जुन्या रिव्हॉल्व्हरांचा कालनिर्णय व शस्त्रांचा कायदा

जुन्या कागदांचा संग्रह करणारांच्या घरीं दप्तराच्या रुमालांबरोबर एखादी तलवार, कट्यार किंवा रिव्हॉल्व्हरहि पुष्कळदां आढळतें. कागद हातीं आला म्हणजे त्याची मिती, शिक्का, अक्षराचें वळण व कागदाची जात हीं सर्व तपासून मगच तो अस्सल कीं नक्कल हें आपण ठरवितों. तीच शिस्त शस्त्राला लावण्याचें मात्र आपण टाळतों. घराण्यांत चालत आलेली एक गोष्ट आणि लोखंडावर कोरलेला एक आंकडा, एवढ्या भांडवलावर ‘सत्तावन सालचें रिव्हॉल्व्हर’ अशी चिठ्ठी लागते, व पुढें तीच चिठ्ठी पुरावा म्हणून उद्धृत होते. या पद्धतीनें इतिहासाची हानि होतेच. शिवाय मालकावर फौजदारीचा प्रसंगहि ओढवूं शकतो. म्हणून तिचें परीक्षण करणें आम्हांस अवश्य वाटतें.

पहिला घोंटाळा नांवाचा. मराठी लेखनांत पिस्तूल व रिव्हॉल्व्हर हे शब्द सर्रास एकमेकांबद्दल योजले जातात. रिव्हॉल्व्हरांत गोळ्यांचें नळकांडें आंसाभोंवतीं फिरून एकामागून एक घर नळीसमोर येतें. ब्राउनिंगसारख्या पिस्तुलांत काडतुसें मुठींतील पेटींतून आपोआप वर चढतात. नाशिक येथें २१ डिसेंबर १९०९ रोजीं अनंत कान्हेरे यांनीं जॅक्सनवर चालविलेलें शस्त्र ब्राउनिंग पिस्तूल होतें. त्यास कोणी रिव्हॉल्व्हर म्हटलें, तर विलायतेहून आलेल्या त्या पिस्तुलांच्या प्रकरणाचा धागाच वाचकाच्या हातून सुटतो.

दुसरा दोष याहून गंभीर आहे. शस्त्रावर जें साल दिसेल तेंच घडणीचें साल, असें धरून चालण्याची संवय आपल्याला जडली आहे. कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ नमुन्याच्या नळकांड्यावर आरमारी लढाईचें चित्र व १६ मे १८४३ ही तारीख असते. ती तारीख टेक्सस व मेक्सिको यांच्या आरमारांत कांपेचेजवळ झालेल्या लढाईची होय. हें शस्त्र तर १८५० पासून १८७३ पर्यंत बनत होतें. त्याचप्रमाणें कोल्टच्या १८७३ च्या नमुन्यावर १८७१, १८७२ व १८७५ हीं पेटंटांचीं सालें आढळतात. त्यांवरून इतकेंच सिद्ध होतें कीं, तें शस्त्र १८७५ च्या पूर्वीचें नाहीं. ज्ञानेश्वरीच्या पोथीच्या अखेरीस शके १२१२ आढळला म्हणून ती पोथीच त्या शकांत लिहिली गेली, असें आपल्यांपैकीं कोणी म्हणणार नाहीं. रचनेचा काळ निराळा व नकलेचा काळ निराळा, हा विवेक पोथीला लागू आहे, तसाच लोखंडालाहि लागू आहे.

तिसरा दोष कारागिराच्या नांवावर भिस्त ठेवण्याचा. रॉबर्ट अ‍ॅडम्स यानें १८५१ त पेटंट घेतलें. परंतु त्याच्या व कोल्टच्या धर्तीचीं शस्त्रें बेल्जममधील लिएज शहरांतहि विपुल बनत. अशा ठिकाणीं नांवापेक्षां परीक्षेचे ठसे अधिक बोलके असतात. लिएजच्या लंबवर्तुळांतील ई-एल्-जी या अक्षरांवर मुकुट असेल, तर तो ठसा १८९३ किंवा त्यानंतरचा. बर्मिंगहॅमचें परीक्षागृह १८१३ त स्थापन झालें. तेथील एकमेकांवर आडवे ठेवलेले राजदंड व वर मुकुट हा ठसा १९०४ पर्यंत चालला व पुढें तो बदलला. कलकत्त्याच्या एखाद्या दुकानदाराचें नांव नळीवर कोरलेलें असेल, तर तें विक्रीचें साधन होय, घडणीचें नव्हे.

तेव्हां कालनिर्णयाचा क्रम असा असावा. आधीं यंत्ररचना पाहावी, कारण ती पूर्वमर्यादा देते. नुसता चाप ओढून चालणारें अ‍ॅडम्स १८५१ नंतरचें. घोडा हातानें चढवून किंवा नुसता चाप ओढून, असें दोन्ही रीतींनीं चालणारें ब्यूमाँटच्या सुधारणेचें, म्हणजे १८५५-५६ नंतरचें. अमेरिकेंत आरपार भोंक असलेल्या, मागून काडतूस भरण्याच्या नळकांड्याचें रॉलिन व्हाइट याचें पेटंट ३ एप्रिल १८५५ चें असून तें १८६९ त संपलें. ब्रिटिश लष्करानें वेब्लीचा पहिला नमुना १८८७ त व सहावा १९१५ त स्वीकारला. यांपैकीं कोणत्याहि नमुन्यास सत्तावनची चिठ्ठी लागली असेल, तर ती निदान तीस वर्षांनीं खोटी ठरते. रचनेनंतर ठसे, ठशांनंतर अनुक्रमांक व कारखान्याच्या नोंदी, आणि सर्वांच्या शेवटीं घराण्याची गोष्ट. निरनिराळ्या भागांवरील आंकडे जुळत नसतील, तर दोन शस्त्रें मिळून एक झालें असण्याचा संभव धरावा. गोष्ट टाकाऊ नसते. पण तिला आधार हवा. १८७८ च्या कायद्याखालील जुना परवाना घरांत असेल, तर तो शस्त्राइतकाच जपावा, कारण शस्त्र व मालक यांची सांगड घालणारा समकालीन कागद तोच.

आतां कायद्याविषयीं. ‘शंभर वर्षें झालीं, आतां परवाना कशाला?’ हें वाक्य आम्ही संग्राहकांच्या तोंडून वारंवार ऐकतों. त्याचें मूळ १९७२ च्या पुराणवस्तूंच्या कायद्यांत आहे. त्यांत सामान्यतः शंभर वर्षांची, व हस्तलिखितांस पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. परंतु ती पुराणवस्तु ठरविण्यापुरती आहे, शस्त्राच्या परवान्यापासून सूट देण्यासाठीं नव्हे. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आलेल्या १९५९ च्या शस्त्रकायद्याचें ४५ वें कलम कालबाह्य नमुन्याच्या, पुराणमूल्य असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांस वगळतें. परंतु त्याच वाक्याच्या अखेरीस, दुरुस्तीनें अथवा दुरुस्तीवांचून जें चालूं शकत नाहीं, असें विशेषण आहे. तें केवळ मोडक्या शस्त्राचें कीं तिन्हींचें? शब्दांचा अन्वय दोन्ही प्रकारें लागतो. सावध मनुष्यानें तें तिन्हींकडे लावावें, असें आमचें मत आहे. १९१५ च्या नमुन्याचें वेब्ली चालूं स्थितींत असेल, तर शतक उलटून गेल्यानें तें निरुपद्रवी होत नाहीं. अमेरिकेंत १८९८ अखेरपर्यंतच्या घडणीचें शस्त्र पुराण मानतात, म्हणून तेथील ग्रंथांत सालाला इतकें महत्त्व. तो नियम इकडे आणून लावणें चूक होय. १९१९ नव्हे, तर २०१९ च्या दुरुस्तीनें एका परवानेदारास दोनच शस्त्रांची मर्यादा घातली, व वारशाच्या शस्त्रांसहि ती लागू केली. फेब्रुवारी २०२० च्या नियमांनीं दुर्मिळ वस्तु या वर्गांतील लहान शस्त्रें भारतीय नागरिकांस परवान्यावांचून बाळगण्याची मोकळीक दिली. मात्र तीं वापरण्यास, अंगावर बाळगून हिंडण्यास किंवा इकडून तिकडे नेण्यास परवाना लागतोच. म्हणून आपलें शस्त्र त्या वर्गांत बसतें याचा लेखी खुलासा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून घ्यावा. व त्या अर्जास वर सांगितलेल्या क्रमाचें टिपण जोडावें.

एक इशारा देणें अवश्य आहे. गंज काढण्याच्या भरांत कानस चालवून ठसे व आंकडे घांसून टाकणारे लोक आहेत. असें करणें म्हणजे कागदावरील शिक्का खरवडून टाकण्यासारखें होय. शिवाय १९५९ च्या कायद्याच्या ८ व्या कलमानें तो गुन्हाहि आहे. मऊ फडकें व थोडें तेल यांपलीकडे जाऊं नये. संग्रहांच्या याद्यांत यापुढें शस्त्राची नोंद करतांना रचना, ठसे, आंकडे, कागद व दंतकथा अशीं पांच घरें वेगवेगळीं आंखलीं, आणि दंतकथेचें घर शेवटीं ठेवलें, तर निम्मे घोंटाळे आपोआप मिटतील.