खातेदार भुतं आणि बिगर-खातेदार भुतं

मराठी भूत हे मुळात खातेदार असतं. म्हणजे त्याचं कुणाकडे तरी काहीतरी येणं असतं. मुंज झालेला पण सोडमुंजीच्या आत गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो; त्याची बाकी सोडमुंजीची. हडळीची बाकी बहुधा सासरच्या नावावर निघते. समंधाचा जीव पुरलेल्या हंड्यात. चकव्याचं तेवढं कुणाकडे काही येणं नसतं, तो नुसता हौसेनं माणसाला रात्रभर एकाच शेताभोवती फिरवतो. पण पहाट झाली की तोही सोडतो. कामाच्या वेळा पाळतो, हे महत्त्वाचं.

आमच्या पुण्यातलं सर्वांत नामांकित भूत शनिवारवाड्यातलं. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी नारायणराव पेशव्यांचा तिथे खून झाला, आणि अजून रात्री 'काका, मला वाचवा' अशी हाक येते म्हणतात. मी काही ऐकलेली नाही. पण बघा, अडीचशे वर्षं झाली, तरी हाक काकांनाच! भूत झालं म्हणून पुणेकर नातं सोडत नाही, आणि येणंही सोडत नाही. आता येणं म्हटलं की वसुलीची रीत आली. नारळ, दहीभात, उतारा, फारच जुनी बाकी असली तर त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी. हिशेब मिटला की खातं बंद.

वीसेक वर्षं बँकेत कारकुनी केल्यामुळे मला ही व्यवस्था मनापासून पसंत आहे. म्हणूनच दुसऱ्या जातीच्या भयकथेनं माझी झोप उडवली. या कथेत जे काही येतं त्याचं तुमच्याकडे काही येणं नसतं. तुम्ही आहात हेच मुळी त्याला माहीत नसतं.

या जातीचा मूळपुरुष म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट. जन्म १८९० चा, अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स गावी. तिथेच तो १९३७ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, गरिबीत गेला. 'विअर्ड टेल्स' नावाच्या स्वस्त मासिकात लिहायचा. 'द कॉल ऑफ कथुल्हू' ही त्याची गाजलेली कथा तिथलीच, १९२८ सालची. कथुल्हू हे नाव माणसाच्या घशातून नीट निघूच नये अशी खुद्द लेखकाची इच्छा होती. ती पूर्ण झाली आहे. असले खातेदार आमच्याकडे आम्ही टोकन नंबरनेच पुकारतो.

ही कथा वाचताना मला पहिल्याच पाना-दोन पानांत घरच्यासारखं वाटलं. कारण ही भूतकथा नव्हेच, हे ऑडिट आहे! एक प्रोफेसर वारतो. त्याची कागदपत्रं नातवाच्या नात्यातल्या एका तरुणाकडे येतात. एका शिल्पकाराला पडलेली स्वप्नं, लुइझियानाच्या दलदलीतल्या पोलिस इन्स्पेक्टरची हकिगत, वर्तमानपत्राचं कात्रण, एका नॉर्वेजियन खलाशाची हस्तलिखित वही. तरुण हे कागद एकाला एक लावत बसतो, आणि बेरीज येते ती अशी की पॅसिफिकच्या तळाशी बुडालेल्या नगरीत एक अवाढव्य जीव निजला आहे आणि ग्रहतारे जुळले की तो उठणार आहे. आमच्या धंद्यात व्हाउचर जुळलं नाही की घाम फुटतो. इथे जुळलं की फुटतो.

आणि उठल्यावर तो आपल्याला छळणार, असंही नाही. वाडा पाडून इमारत उठवणारा बिल्डर भिंतीतल्या मुंग्यांचा कधी द्वेष करतो काय? त्याला मुंग्या दिसतच नाहीत. लव्हक्राफ्टची भीती ती एवढीच. रक्त, कवट्या, उलटी पावलं यांपेक्षा ती जास्त दिवस टिकते.

आता तुम्ही म्हणाल, विश्वरूप पाहून घाबरणं आम्हांला नवीन नाही. अर्जुन अकराव्या अध्यायातच घाबरला होता. बरोबर. पण अर्जुनानं विनवणी केल्यावर श्रीकृष्ण पुन्हा ओळखीच्या रूपात आला, दोन गोष्टी धीराच्या बोलला. लव्हक्राफ्टकडे अकरावा अध्याय संपत नाही आणि बारावा लागत नाही.

असो. गुण गायले, आता चुकांची यादी. पहिली चूक विशेषणांची. बँकेत एखादी रक्कम कुणाच्या नावे टाकायची ते कळलं नाही, की आम्ही ती सस्पेन्स अकाउंटला ढकलतो आणि चहाला जातो. लव्हक्राफ्टचं सस्पेन्स अकाउंट म्हणजे 'अवर्णनीय'. राक्षस समोर आला की तो अवर्णनीय, वास अवर्णनीय, भिंतींचे कोन अवर्णनीय. 'ज्याला नावच देता येत नाही' अशा अर्थाच्या मथळ्याचीही एक कथा आहे. अहो, वर्णन करण्याचे पैसे घेता ना? एक-दोनदा चालतं. पण वर्षाअखेरीस सगळी रक्कम तिथेच पडलेली दिसली की ऑडिटर विचारणारच.

दुसरी चूक माणसांची. या माणसांना घर नाही. जेवताना फारशी दिसत नाहीत, बायकांशी बोलत नाहीत, किराणा भरत नाहीत. पुरातन ग्रंथ चाळतात, तळघरात उतरतात, वेडी होतात. असा माणूस नाहीसा झाला तर दूधवाल्याखेरीज कुणाला पत्ता लागणार? भीती वाटायला आधी काहीतरी गमवायला हवं ना.

तिसरी गोष्ट चूक म्हणून सोडण्याजोगी नाही. १९२४ ते १९२६ हा माणूस न्यूयॉर्कला राहिला, आणि तिथली देशोदेशीच्या लोकांची गर्दी पाहून त्यानं 'द हॉरर ॲट रेड हुक' लिहिली. तीत भुतापेक्षा परक्या माणसांचीच शिसारी जास्त आहे. कथुल्हूची पूजा करणारेही बहुतेक सावळे, मिश्र रक्ताचे खलाशी. आपण चहा घेऊन सभ्यपणे वाचायला बसतो आणि निम्म्यात लक्षात येतं, की लेखकानं आपली पंगत राक्षसाकडे मांडली आहे. 'वर्ल्ड फॅन्टसी' पुरस्काराचं सन्मानचिन्ह त्याच्या मुखवट्याचं होतं. ते याच कारणावरून बोंबाबोंब होऊन २०१५ साली बंद करायचं ठरलं. मला नीतीइतकाच त्यातला हिशेबही खटकतो. विश्वाच्या लेखी सारी माणसं धूळ, हे तर तुमचंच म्हणणं. मग धुळीत रंग कसले निवडता?

आपल्याकडे हा प्रांत नारायण धारपांचा. १९२५ ते २००८ एवढं त्यांचं आयुष्य, आणि पुस्तकांची संख्या अशी की पेठेतल्या लायब्ररीत त्यांना स्वतंत्र फळी लागायची. धारपांनी इंग्रजी भयकथा भरपूर पचवली होती. 'लुचाई' ही कादंबरी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून घेतलेली आहे. पण त्यांनी पहिलं काम कुठलं केलं, तर भीतीला घर दिलं. त्यांचा माणूस नोकरी करतो, त्याला बायको असते, शेजार असतो. अशा माणसाच्या माडीवर काही सरपटलं की आपण आपल्या माडीकडे बघतो. माडी नसलेलेसुद्धा बघतात.

दुसरं काम त्यांनी केलं ते म्हणजे समर्थ आणले. पलीकडच्या मितीतून काळी शक्ती घुसते, माणसं हतबल होतात, आणि समर्थ येतात. सोबत आप्पा जोशी. आता काळजी नाही! शाळेत असताना या ठिकाणी मी सुटकेचा श्वास टाकायचो. आज वाटतं, तिथेच कथेतला खड्डा बुजायचा. पण हा मोह एकट्या मराठी माणसाचा नव्हे. लव्हक्राफ्ट गेल्यावर त्याची पुस्तकं छापण्यासाठी ज्यानं १९३९ साली भागीदारीत 'आर्कहॅम हाउस' काढलं, त्या ऑगस्ट डर्लेथनंही त्या पोकळीत चांगले देव नेऊन बसवले. रिकामी खुर्ची कुणालाच बघवत नाही.

माझे वडील आजारी होते तेव्हा मी एका हॉस्पिटलच्या बाकावर रात्री काढल्या. पिशवीत एक समर्थकथा होती. पुस्तकात समर्थ वेळेवर आले. कॉरिडॉरमध्ये कुणी आलं नाही. शेजारी बसलेली आत्या मात्र पुनःपुन्हा म्हणत होती, "अरे, कुणाचं तरी काहीतरी राहिलंय रे आपल्याकडे, त्याशिवाय का असं होतंय?" तिची माया मला कळत होती, पण ते ऐकवेना. प्रत्येक दुखण्याला खातं असेल, तर आतला माणूस कर्जदार ठरतो. बाबांनी आयुष्यात वाण्याचे चार आणे थकवले नव्हते. त्या रात्री त्या प्रॉव्हिडन्सच्या एकलकोंड्या माणसाचं रिकामं आभाळ मला आत्याच्या भरलेल्या आभाळापेक्षा सभ्य वाटलं. कुणी डूख धरलेला नाही, कुणाचं काही राहिलेलं नाही. बाबा चौथ्या दिवशी गेले. दिवसवार आम्ही सगळे रीतसर केले, नागबळीला मात्र मी नाही म्हटलं. आत्या वर्षभर बोलत नव्हती.

पण खात्याची ओढही लहान नाही. 'तुंबाड' हा २०१८ चा सिनेमा बघा. त्याचं एक मूळ धारपांच्या 'आजी' या कथेत आहे, तिचं मूळ किंगच्या 'ग्रामा'त. त्यातल्या हस्तरच्या नावाचा प्रवास तर मजेचा आहे. अँब्रोस बिअर्स या अमेरिकन लेखकाकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा हास्तुर म्हणजे मेंढपाळांचा साधासुधा देव होता. पुढे चेंबर्स, लव्हक्राफ्ट, किंग असे हात बदलत तो पुरता काळवंडला. आणि आपल्याकडे पोहोचल्यावर? समृद्धीच्या देवीचा लाडका मुलगा झाला, सोनं घेतलं, धान्यही मागितलं, भावंडांचा मार खाल्ला. विश्वापलीकडचा देव कोकणात आला आणि भाऊबंदकीत सापडला! त्याला भुलवायला लागते कणकेची बाहुली, कारण तो उपाशी आहे. उपाशी म्हणजे येणं आलं. झाला खातेदार.

लव्हक्राफ्टचं एकच काही वाचायचं असेल तर 'द कलर आउट ऑफ स्पेस' वाचा, १९२७ ची. तीत विशेषणांची उधळण कमी आहे आणि घर आहे. शेतकऱ्याच्या विहिरीजवळ उल्का पडते. त्या वर्षी फळं दृष्ट लागण्यासारखी धरतात, आणि तोंडात घालवत नाहीत इतकी कडू निघतात. मग झाडं, गुरं, बायको, मुलं एकेक करून राखाडी होत जातात. पाणी नासलं आहे हे शेतकऱ्याला दिसतं, तरी तो त्याच विहिरीचं पितो, जागा सोडून जात नाही. का जात नाही हे शेती असलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. शेवटी त्या जमिनीवर धरण व्हायचं असतं, आणि पाहणीला आलेला माणूस म्हणतो, या शहराचं पाणी मी पिणार नाही.

हे वाचून झालं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. तहान लागली म्हणून स्वयंपाकघरात गेलो. खडकवासल्याचंच पाणी, माठातलं. पण दिवा लावून, भांडं जरा तिरकं धरून, आधी रंग पाहून घेतला.