पुराव्याचा संसार

कॅनडा सरकारचा आयएमएम ५४०९ हा अर्ज मी कथा वाचावी तसा वाचला. वाङ्मय म्हणून रुक्षच आहे, पण संसार म्हणजे काय हे इतकं थेट विचारणारं दुसरं लिखाण माझ्या वाचनात नाही. लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यानं हा कागद शपथेवर भरून द्यायचा. भाडेकरारावर दोघांच्या सह्या आहेत का? बँकेत जोडखातं आहे का? विम्यावर एकमेकांचं नाव लावलंय का? किमान एक वर्ष एकत्र, आणि तेही दांपत्यभावानं राहिलेलं असावं, ही अट. दोघी बायका असोत, दोघं पुरुष असोत की बाई-पुरुष, प्रश्न तेच. ही गोष्ट मला आवडली.

दांपत्यभाव मोजायचा कसा? १९८० साली ऑन्टारिओतल्या एका बाई-पुरुषाच्या खटल्यात त्याच्या कसोट्या ठरल्या: एक छप्पर, शरीराचं-मनाचं नातं, घरकाम, दोघांचं मिळून लोकांत वावरणं, लोक त्यांना काय समजतात, पैशाचा आधार, मुलं. १९९९ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन स्त्रियांच्या खटल्यात त्याच कसोट्या धरल्या, आणि सगळ्या सारख्या प्रमाणात असायलाच हव्यात असं नाही, हेही सांगितलं. आता आपल्यातल्या किती लग्नाच्या जोडप्यांना या कसोट्या झेपतील, ते ज्यानं त्यानं आपल्या घरात बघावं! गळ्यात मंगळसूत्र असलं की कुणी विचारत नाही, एवढंच.

माझ्या मावसबहिणीची मुलगी आणि तिची जोडीदार चार वर्षं बेंगळुरूत एकत्र राहतात. भाडेकरार एकीच्याच नावावर, कारण घरमालकाला ‘दोघी बहिणी’ सांगितलेलं. आई-वडील यायचे त्या आठवड्यात दुसरी गादी बाहेर यायची. एकत्र फोटो आहेत, पण प्रत्येकात तिसरं कुणीतरी मधे. म्हणजे ज्या सावधपणामुळे संसार टिकला, त्याच सावधपणानं पुरावा पुसून टाकला. छळाच्या भीतीनं ज्यांना एकत्र राहताच आलं नाही, त्यांच्यासाठी कॅनडाच्या नियमात सवलत आहे. पण या राहिल्या. फक्त कागदावर राहिल्या नाहीत. अर्जाची नजर इथे तोकडी पडते. लपून केलेला संसार त्याच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

आपल्याकडे २०१८ मध्ये गुन्हा पुसला गेला, २०२३ मध्ये न्यायालयानं लग्नाचा हक्क नाकारला. जोडखातं उघडायला अडचण नाही, हे केंद्र सरकारनं स्पष्ट केलं ऑगस्ट २०२४ मध्ये. या दोघींचं खातं त्यानंतरचं. मागची वर्षं कशी दाखवायची?

उरली माणसांची साक्ष. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये सुमित्राची कहाणी बापू सांगतो, तिचं जगणं आपल्यापर्यंत एका पुरुषाच्या तोंडून येतं. नाटक म्हणून ते मोठंच आहे, पण ही गोष्ट मला नेहमी खटकत आली. अर्जातही तसंच. दोघींनी सांगून भागत नाही, बाहेरच्यानं सांगावं लागतं.

मुलीच्या आईनं मराठीत पत्र लिहिलं. चांगलं, मायेचं. त्यात सगळीकडे ‘तिची मैत्रीण’. मी म्हटलं, “अगं अक्का, याचं भाषांतर ‘फ्रेंड’ होणार, मग झालं की!” ती म्हणाली, “मग काय लिहू? सून लिहू?” प्रश्न बरोबर होता. जोडीदार हा शब्द आपल्याकडे पत्त्यांच्या डावालाही चालतो. दांपत्य मात्र जुना शब्द आहे. दम म्हणजे घर, दंपती म्हणजे त्या घराचे दोघं धनी. पण अक्काला तो लग्नपत्रिकेतला वाटला.

बराच वेळ पेन हातात धरून बसली. मग तिनं लिहिलं, “माझी मुलगी हिच्याबरोबर चार वर्षं संसार करते. मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं.” भाषांतर करणाऱ्यानं ‘संसार’पाशी फोन केला. इंग्रजीत घर म्हणू की कुटुंब, असं विचारत होता. अक्का म्हणाली, “दोन्ही लिहा.”